ताडकळसच्या मांडवातला कॉम्प्युटर

परभणीत स्टेशन रोडला एका अरुंद जिन्याच्या तोंडाशी सलीमभाईंच्या टायपिंग इन्स्टिट्यूटची पाटी होती. त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि मला कामावर ठेवलं, तेव्हा तिच्याखाली दुसरी पाटी लागली : 'कॉम्प्युटरची सर्व कामे केली जातील.' त्या 'सर्व' शब्दानं पुढची काही वर्षं मला पोट धरून हसवलं. एकजण रेडिओ दुरुस्तीला घेऊन आला. एका बाईंची म्हैस हरवली होती, ती कोणत्या दिशेला गेली ते बघून सांगा म्हणाल्या. येलदरीचा एक मासेमारी करणारा गडी जिना चढून वर आला, बराच वेळ पडद्याकडे बघत बसला, आणि "ह्याच्यात काय दिसत न्हाई बा" म्हणून निघून गेला. त्याचं काही चुकलं नव्हतं. पडदा बंदच होता. लाईट गेलेली होती.

मी पुण्याला डिप्लोमा करून, लग्न होऊन परभणीत आलेली. 'सी' नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहायचे. आता निवृत्त झाल्यावर नातेवाइकांची मुलं विचारतात, "मावशी, तेव्हा नेमकं काय करायचीस?" मी म्हणते, नावं सांभाळायचे. त्यांना ते कोडं वाटतं, म्हणून इथं सोपं करून सांगते.

सी भाषेला 'नाव' ही गोष्टच ठाऊक नाही. तिच्या लेखी एकापुढे एक अक्षरं असतात आणि शेवटी एक शून्य. ते शून्य कागदावर उमटत नाही, पण 'इथं नाव संपलं' ही खूण तेवढी एकच. शिवाय नाव ठेवायला कॉम्प्युटरकडे जागा मागावी लागते, आणि किती जागा पाहिजे ते आपणच मोजून सांगायचं. काम झालं की आपणच परत करायची. हे सगळं दर वेळी नव्यानं लिहीत बसलं तर मूळ काम बाजूला राहतं. म्हणून आम्ही लोक छोटी छोटी हत्यारं करून ठेवायचो. एक दोन नावं जोडणारं, एक कडेची रिकामी जागा छाटणारं, एक हवी तेवढी जागा मागून आणणारं. माझी असली सगळी हत्यारं एका फायलीत होती, तिचं नाव मी 'मदत' ठेवलं होतं. तिची फ्लॉपी मी स्टीलच्या जेवणाच्या डब्यात ठेवायचे, कारण परभणीच्या धुळीला दुसरं काही अडवत नव्हतं.

त्या अदृश्य शून्यानं पहिला हिसका दाखवला तो मानवतच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या कामात. गाठींवर चिकटवायच्या चिठ्ठ्या आम्ही छापून द्यायचो. शेटजींच्या पेढीचं नाव एवढं लांबलचक, की मी ठेवलेली जागा ते शेवटच्या घरापर्यंत व्यापून बसलं. शून्याला जागाच उरली नाही. मग कॉम्प्युटर नाव वाचत सुटला तो थांबेचना, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं गावही त्यानं शेटजींच्या पेढीला जोडून टाकलं.

शेटजी चिठ्ठी घेऊन स्वतः आले. "बाई, आमची पेढी मानवतला. तिच्या शेपटाला सेलू कसं चिकटलं?"

मी त्यांना शून्याची गोष्ट सांगितली. त्यांनी मान डोलावली. "म्हणजे पंगतीत न दिसणाऱ्या पाव्हण्यालाबी पाट मांडावा लागतो म्हणा की."

याहून चांगलं मला पुण्याच्या वर्गातही कुणी समजावलं नव्हतं.

पण मला सांगायची आहे ती ताडकळसची हकिकत.

सोपानमामा ताडकळसचे. मेंढरं राखणाऱ्या घरातले, पण आता मेंढरं भावांकडे देऊन स्वतः समाजाच्या कामात पडलेले. डोक्याला तांबडा पटका, आवाज असा की जिन्यात बोलले तरी वरच्या टाइपरायटरची पट्टी हलावी. त्यांच्या समाजानं त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच सामुदायिक विवाह ठरवला होता. वीसेक जोडपी, एक मांडव, एक जेवण.

"प्रत्येक जोडप्याला कागद द्यायचा," मामा म्हणाले. "समितीच्या शिक्क्याचा. पर हातानं लिहिलेला नको. लोकांनी म्हणलं पायजे, ताडकळसला कॉम्प्युटरवर लगीन लागलं."

मी सगळी नावं घेतली. वर, त्याचे वडील, आडनाव. वधू, तिचे वडील, आडनाव. यादी छापून मामांना दाखवली, त्यांनी ती गावात वाचून घेतली. एक 'मारुती' होता त्याचा 'मारोती' करून आणला. यादी चोख. उरलं ते प्रमाणपत्र. ते छापायच्या दिवशी लाईट दिवसभर गेली आणि आली तेव्हा घाई झाली. मी प्रोग्राम चालवला, सलीमभाईंनी कागद फाडून प्लास्टिकच्या पिशव्यांत घातले. यादी बरोबर होती म्हणजे कागदही बरोबर, असं आम्ही दोघं धरून चाललो.

लग्नाला मामांनी आम्हाला मानाचं बोलावणं दिलं. सलीमभाईंनी नवी शेरवानी घातली होती, मे महिन्याच्या उन्हात. माझ्या डोक्यावर पदर आणि हातात मामांनी दिलेला नारळ. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, आणि मामांनी माइकवर एकेक जोडपं बोलवायला सुरुवात केली. जोडपी येत होती, कागद कपाळाला लावून जात होती.

चौथं का पाचवं जोडपं मारोती आणि गिरजाचं होतं. गिरजा ताडकळसचीच, दहावी झालेली. तिनं कागद कपाळाला लावला नाही. मुंडावळ्या बाजूला सारून तो वाचायला लागली. मग मामांना म्हणाली, "मामा, ह्याच्यात माझं नाव न्हाई."

"असंल गं. नीट बघ."

"न्हाई. दोन्ही ठिकाणी ह्यांचंच हाय." तिनं नवऱ्याकडं मान वळवली, नाव घेणार कसं? "ह्यांचं लगीन ह्यांच्यासंगंच लागलंय."

माइक चालूच होता. सगळा मांडव हसला. मीही हसले. मग कागद हातात घेतला आणि माझं हसू जिथल्या तिथं जिरलं. 'चि. मारोती भिवाजी गडदे व चि. सौ. कां. मारोती भिवाजी गडदे.' बाकीचे कागद उघडून बघितले. सगळ्यांवर तेच. वीस नवरदेव, आणि प्रत्येकाचं स्वतःशीच लग्न.

मामा खालच्या आवाजात म्हणाले, म्हणजे त्यांच्या मानानं खालच्या, "आता जेवणं उरकू द्या. नवे कागद नंतर घरपोच करू."

"नंतर कोण आणून देतंय?" गिरजा म्हणाली. "शाळेच्या दाखल्यावर माझं नाव हाय. दहावीच्या कागदावर हाय. लग्नाच्याच कागदावर का न्हाई?"

तिचे सासरे भिवाजी पुढं आले. उंच, वाळलेले, खांद्यावर घोंगडी. त्यांचा वाडा मानवतच्या पलीकडं बसलेला होता. वाडा म्हणजे मेंढरांचा तळ. "मेंढरं एका गड्यावर सोडून आलाव आमी. उन्हं उतरायच्या आत निघायचंय. कागदापायी खोळंबायचं का? पोरगी पैल्याच दिवशी हट्ट करायलीय."

गिरजाच्या आईचा चेहरा उतरला. मागून कुणीतरी म्हणालं, "शिकल्याली हाय, असंच व्हणार." मघाचं हसू आता नव्हतं. मी तिथं नारळ धरून उभी होते आणि तो कुठं ठेवावा ते सुचत नव्हतं.

तेव्हा मारोती बोलला. तोवर त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता. आपल्या पायांकडं बघत म्हणाला, "तिचं नाव येऊ द्या बा. मंग जाऊ."

भिवाजींनी लेकाकडं असं बघितलं की त्यानं आणखीच मान खाली घातली. पण तो जागचा हलला नाही.

"दोन तास द्या," मी म्हणाले. दोन तासांत कसं जमवणार होते कोण जाणे.

समितीच्या जीपमधून आम्ही परभणीला निघालो. धुळीतून जाताना मला चूक उमगली आणि मी मोठ्यानं "अगं बाई!" म्हणाले. ड्रायव्हरनं ब्रेकच दाबला.

झालं होतं असं. 'मदत' फायलीत पूर्ण नाव जुळवणारं एक हत्यार होतं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं जोडून ते एका ठरलेल्या जागी लिहून ठेवायचं. शाळेतल्या एकुलत्या एका पाटीसारखं. मानवतच्या चिठ्ठ्यांवर एका वेळी एकच नाव असे. पाटीवर लिहिलं, छापलं, पुसलं, दुसरं लिहिलं, कधी अडलं नाही. यादीतही वराचं नाव एका ओळीनं छापलं होतं आणि वधूचं दुसऱ्या. पण प्रमाणपत्रात दोन्ही नावं मी एकाच वाक्यात मागितली. कॉम्प्युटरनं आधी वधूचं नाव पाटीवर लिहिलं, ते पुसून वराचं लिहिलं, आणि मग छपाईला सांगितलं : दोन्ही नावं त्या पाटीवर आहेत, वाचून घे.

हे सगळं मी सलीमभाईंना सांगितलं. ते विचारात पडले. "पण ताई, कागदावर तर वर आधी आहे. मग यानं वधू आधी का लिहिली?"

"हा आमचा प्रोग्राम अशा वेळी उजवीकडून डावीकडं काम करतो."

"उर्दूवाला निघाला की!" त्यांना इतका आनंद झाला, की ते शेरवानीतला घाम विसरले.

परभणीत पोचलो तर लाईट नाही. कुठंतरी तारांचं काम चाललं होतं. संध्याकाळपर्यंत येणार नाही, असं खालच्या पानवाल्यानं सांगितलं. मी जिन्यातच बसले. सलीमभाई मात्र कमरेवर हात ठेवून उभे. "इथं लाईट नाही. मांडवात जनरेटर आहे. मग कॉम्प्युटरनंच लग्नाला जावं."

सलीमभाईंच्या बायकोनं, नसीमभाभींनी, घरातल्या रजया दिल्या. पडदा एका रजईत, त्याच्याखालचा डबा दुसरीत, प्रिंटर तिसरीत. मी प्रिंटर मांडीवर घेऊन बसले, तान्हं लेकरू घेतल्यासारखी. खड्डा आला की सलीमभाई ड्रायव्हरला "आहिस्ता, मियाँ, आहिस्ता" म्हणायचे, आणि तो बिचारा आधीच बैलगाडीच्या चालीनं चालला होता.

मांडवात जीप शिरली तेव्हा पंगती संपत आल्या होत्या. आहेराचं टेबल रिकामं करून त्यावर कॉम्प्युटर मांडला. जनरेटरवाला म्हणाला, लाऊडस्पीकर आणि हे दोन्ही चालणार नाही. मामांनी जड मनानं गाणी बंद केली. सलीमभाईंनी आधी नुसता बल्ब लावून बघितला. तो फार थरथरत नाही असं दिसल्यावर बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं. पडदा उजळला आणि चारी बाजूंनी माणसं दाटली. कुणाचा तरी बुंदीचा हात माझ्या खुर्चीला लागला. गिरजाला कुणी बोलावलं नव्हतं. ती आपणहून आली आणि माझ्या शेजारी बसली, हळदीच्या अंगानं, शालू सावरत.

"तुमी बी दहावीलाच शिकलाव का हे?" तिनं विचारलं.

"त्याच्या पुढं."

"किती पुढं?"

मी सांगितलं. ती पडद्याच्या आणखी जवळ सरकली.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. एकच पाटी सगळ्यांत फिरवायची नाही. जेवढं नाव, तेवढी जागा दर वेळी नव्यानं मागून आणायची आणि त्यात ते नाव लिहायचं. वधूचं तिच्या जागी, वराचं त्याच्या. प्रोग्राम चालला. प्रिंटर करकरत कागद ओकू लागला. पहिल्या कागदावर वराचंही नाव, वधूचंही. दुसऱ्यावरही. मांडवात "आलं, आलं" झालं. मामांनी डोक्यावरचा पटका काढून पुन्हा घातला.

गिरजाचा कागद आला. तिनं वाचला. 'गिरजा सोनाजी बोबडे.' ती हसली आणि मी खुर्चीत मागं टेकले.

"थांबा," मागून भिवाजी म्हणाले. त्यांना वाचता येत नव्हतं, पण ते प्रत्येक कागद वाकून बघत होते. मेंढरांच्या कळपात एखादं परकं मेंढरू शिरलं तर दिसावं तसं त्यांना ते दिसलं असणार. त्यांनी काठीच्या टोकानं दाखवलं. "बाकीच्या पोरींच्या नावाफुडं काय न्हाई. आमच्या सुनंच्याच नावाला हे शेपूट का लावलंय?"

बोबडे या अक्षरांनंतर खरंच एक वेडंवाकडं चिन्ह उमटलं होतं. मी ते पाहिलंच नव्हतं. गिरजानं ते पाहिलं, पण तिच्या डोळ्यांत त्याहून वेगळंच काही चमकलं. मघापासून त्यांनी 'पोरगी'शिवाय शब्द काढला नव्हता, आणि आता 'आमची सून' म्हणाले होते.

मानवतच्या शेटजींचा तो न दिसणारा पाहुणा! घाईत मी नावापुरतीच जागा मागितली होती, शून्याचा पाट मांडायचा राहिला. कॉम्प्युटर जागा जरा सढळ हातानं मापून देतो, म्हणून बाकीच्या नावांचं निभावलं. गिरजाचं नाव नेमकं त्या मापाचं निघालं आणि तिच्या शून्यावर पुढचं कुणीतरी येऊन बसलं.

"तुमचं बरोबर आहे बाबा," मी भिवाजींना म्हणाले. "एक घर वाढवायचं राहिलं."

"मंग वाढवा की. घाई कुणाला हाय?"

सलीमभाईंनी माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. मी जागेच्या मापात एक मिळवला आणि सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून काढले. मामांना लाऊडस्पीकर परत हवा होता, पण प्रिंटर थांबेपर्यंत त्यांनी कळ काढली. मग माइक गिरजाच्या हातात दिला. "तूच वाच. तुझ्यामुळं झालंय." तिनं एकेक कागद वाचला. वराच्या नावाला थोडी अडखळायची, वधूचं नाव खणखणीत. आपलं नाव पुकारलं जातंय म्हटल्यावर एकेक नवरी मान वर करून येत होती. मघाशी याच पोरी कागद न बघता कपाळाला लावून गेल्या होत्या.

स्वतःचा कागद तिनं शेवटी वाचला. तो संपल्यावर भिवाजी बायकोला म्हणाले, "हिचं नाव पारबती ठिवायचं ठरलं व्हतं न्हवं?"

आमच्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलतात, हे मला माहीत होतं. माझंही बदललेलं आहे. गिरजानं माइक खाली ठेवला.

तिची सासू कौसाबाई पुढं आली. आडव्या कुंकवाची, हातावर गोंदलेलं. "कागदावर आलंय आता. राहू द्या."

भिवाजींनी थोडा विचार केला. "गिरजा म्हंजे बी पारबतीच की. एकच देवी. राहू द्या."

आता टेम्पोत बसायचं तेवढं बाकी होतं. पण कौसाबाई टेबलापाशीच उभी राहिली. प्रिंटरला बोट लावून बघितलं, ऊन लागलं तसं काढून घेतलं.

"बाई, ह्याच्यातून म्हाताऱ्या माणसाचं नाव निघतं का?"

"निघतं की. सांगा. कौसाबाई..."

"ते न्हाई." ती गिरजाकडं वळली. "माह्या माहेरचं."

"सांगा ना आत्याबाई," गिरजा म्हणाली.

"सुंदर."

भिवाजी टेम्पोकडं निघाले होते ते थांबले. "सुंदर? मंग कौसा कुणी ठिवलं?"

"तुमच्या मायनं."

"मी इसरलोच व्हतो की गं."

"तुमी कवा म्हणलाव ते, इसरायला?"

बायका खदखदून हसल्या. मामांनी लाऊडस्पीकर पुन्हा बंद केला आणि मी एका कागदावर ते एकच नाव मोठ्या अक्षरांत काढलं. कागद बाहेर आला तशी मागून दुसरी बाई म्हणाली, माझंबी. मग तिसरी. आहेराच्या टेबलापुढं नऊवारी लुगड्यांची रांग लागली. कुणी चिमणी, कुणी राही, कुणी यमुना. एकीला तर आपलं नाव आठवेना. तिनं गर्दीतून भावाला हाक मारून विचारलं. जनरेटरवाला डिझेल संपत आल्याचं ओरडत होता आणि मामा त्याला गप्प करत होते. मी जागा मागत गेले, मागत गेले. परत करायचं हत्यार 'मदत' फायलीत होतं, चांगलं होतं, पण ते त्या दिवशी मी एकदाही वापरलं नाही.

पुढं सलीमभाईंच्या दुकानात मी आणखी बरंच काम केलं. नंतर मोठ्या शहरात, मोठ्या कंपनीत गेले. आता नव्या भाषा जागेचा हिशेब स्वतःच ठेवतात, शून्य कुणाला माहीत नसतं, आणि ते चांगलंच आहे. एवढीच रुखरुख आहे, की त्या बायकांचे चेहरे मला नीट बघता आले नाहीत. मी सगळा वेळ पडद्याकडं बघत होते. एक चेहरा तेवढा बघितला.

गडद्यांचा टेम्पो निघायला लागला तेव्हा मी पाय मोकळे करायला उठले होते. मागं भांड्यांच्या आणि घोंगड्यांच्या मध्ये सासू-सुना बसल्या होत्या. कौसाबाईनं कागद उलटा धरला होता. गिरजानं तो सरळ केला, सासूचं बोट धरलं आणि पहिल्या अक्षरावर ठेवलं.

"सुं," गिरजा म्हणाली.

"सुं," कौसाबाई म्हणाली.

पुढून भिवाजींनी विचारलं, "बसलाव का नीट?" टेम्पो धूळ उडवत वळला, तेव्हा बोट दुसऱ्या अक्षरावर सरकलं होतं.